टिनाच्या छताखालचा हिवाळा

नागपूरची ओळख उन्हाळ्याने इतकी व्यापलेली आहे की या शहराच्या थंडीचा विचार घर बांधताना सहसा कोणी करीत नाही, आणि त्याची किंमत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री टिनाच्या छताखाली राहणारे लोक मोजतात. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले आणि ७ जानेवारी १९३७ चा ३.९ अंशांचा जुना नीचांक मागे पडला. स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांसाठी ती एका जादा ब्लँकेटची रात्र होती. मानेवाडा, हुडकेश्वर, वाठोडा, कळमना अशा पसरत गेलेल्या वस्त्यांमध्ये मात्र घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत टिन टाकून आणि पुढे शटर बसवून केलेल्या खोल्या जागोजागी दिसतात. ही खोली बांधताना नाव गाडीचे घेतले जाते, पण काही दिवसांत तिच्यात दुचाकी दुरुस्तीचे काम, शिलाई मशीन, शिकवणीचे वर्ग किंवा भाडेकरू विद्यार्थ्याची खाट येते. गाडीला नागपूरच्या थंडीचा फारसा त्रास होत नाही. बॅटरी थोडी मंदावते, इंजिनातील तेल थोडे दाट होते, एवढेच. त्या खोलीत बसून काम करणाऱ्या आणि झोपणाऱ्या माणसाचा प्रश्न खरा आहे, आणि तो स्वस्तात सोडवता येण्याजोगा आहे.

त्यासाठी प्रथम या थंडीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. मान्सून परतल्यावर येथील हवा कोरडी होते, आकाश निरभ्र राहते आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यांना अडवणारे काही उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत येथील किमान तापमान सर्वसाधारणपणे १२ ते १३ अंशांच्या आसपास असते, पण त्याच दिवसांत दुपारचे तापमान २८ अंशांपर्यंत चढते. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक घसरले, किंवा ते थेट ४ अंशांवर आले, तर ‘शीतलहर’ जाहीर होते. अशा लहरीतही नागपूरची दुपार उबदारच असते. युरोप-अमेरिकेत गॅरेज गरम ठेवण्याविषयी जे सल्ले दिले जातात ते दिवसभर गोठलेल्या प्रदेशांसाठी असतात, आणि तेथे उष्णता विकत घेऊन खोलीत ओतावी लागते. नागपुरात उष्णता रोज दुपारी फुकट येते आणि रात्री निघून जाते, त्यामुळे येथे हीटरपेक्षा ती निघून जाण्याच्या वाटा बंद करण्यावर केलेला खर्च अधिक फळाला येतो.

या वाटांपैकी सर्वांत मोठी वाट छताची आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता सतत बाहेर टाकत असते. या क्रियेला प्रारण म्हणतात. वातावरणातील बाष्प आणि ढग हे किरण शोषून त्यांतील बराच भाग जमिनीकडे परत पाठवतात, पण कोरड्या, निरभ्र रात्री ही परतफेड अपुरी पडते. म्हणून आकाशाकडे तोंड करून असलेला पृष्ठभाग अशा रात्री दर चौरस मीटरला सुमारे ७० ते ९० वॉट या वेगाने उष्णता गमावत राहतो. तीन मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब खोलीच्या छताचा हिशेब केला, तर एक किलोवॉटचा हीटर उलट दिशेने चालावा, त्याहूनही हा ऱ्हास अधिक भरतो. त्यातला काही भाग बाहेरची हवा भरून काढते, उरलेला खोलीतून ओढला जातो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात साठवलेली उष्णता इतकी थोडी असते की सुरुवातीला तो दर अर्ध्या मिनिटाला जवळपास एक अंश या गतीने निवू लागतो आणि थोड्याच वेळात भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. ढगाळ रात्री नागपूरची थंडी एकाएकी कमी होते ती याच कारणाने, कारण तेव्हा ढग छताची उष्णता छताकडेच परत धाडतात. येथे एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे: नवा, चकचकीत जस्ती पत्रा अवरक्त किरण कमी सोडतो, तर गंजलेला, रंग दिलेला किंवा सिमेंटचा पत्रा ते मुक्तहस्ते सोडतो, त्यामुळे छत जसजसे जुने होते तसतशी त्याखालची रात्र अधिक गारठते.

पहाटे पाचच्या सुमारास अशा खोलीत छताकडे पाहिले, तर पत्र्याच्या आतल्या बाजूला आणि पत्रे बांधणाऱ्या जे-हूकच्या टोकांना पाण्याचे थेंब लोंबताना दिसतात. झोपलेल्या माणसांच्या श्वासातील बाष्प थंड पत्र्यावर सांद्रित होऊन, म्हणजे वायुरूपातून द्रवरूपात येऊन, ते थेंब बनतात आणि खाली ठेवलेल्या पान्यांवर, कापडाच्या तागांवर, वह्यांवर पडतात. छत गळत असल्याचा समज होऊन पत्र्यांच्या सांध्यांवर डांबर लावले जाते, पण पाणी बाहेरून आलेले नसल्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. छताच्या आतल्या पृष्ठभागाचे तापमान वाढवणे हाच या थेंबांवरचा उपाय आहे, आणि तो थंडीवरच्या उपायापासून वेगळा नाही.

उष्णतेच्या वाटेत अडथळा आणणाऱ्या थराला उष्णतारोधक म्हणतात, आणि जवळपास प्रत्येक स्वस्त रोधकाचे खरे काम त्यात अडकून राहिलेली स्थिर हवा करीत असते. एकेरी पत्र्यातून, आतल्या आणि बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला सुमारे ६ वॉट उष्णता निघून जाते. पत्र्याखाली २५ मिलिमीटर जाडीचा थर्माकोल बसवला तर हे प्रमाण सव्वा वॉटच्याही खाली येते, आणि ५० मिलिमीटरचा थर दिल्यास ते मूळच्या दहाव्या हिश्शाजवळ पोहोचते. पहिल्या इंचाने चार-पंचमांश काम होऊन जाते, दुसऱ्या इंचाची भर त्या मानाने लहान असते; ज्याच्याकडे पैसे थोडे आहेत त्याने अर्ध्या छताला दोन इंची थर देण्यापेक्षा संपूर्ण छताला एक इंची थर द्यावा, हे या आकड्यांवरून उघड होते. थर्माकोलचे दोष मात्र नजरेआड करता येत नाहीत. तो सहज पेटतो, जळताना दाट काळा धूर सोडतो, आणि पेट्रोलचा नुसता शिंतोडा उडाला तरी त्या जागी विरघळून त्याला भोक पडते. म्हणून जेथे गाडी उभी राहते तेथे तो कधीही उघडा ठेवू नये. जिप्समच्या फळ्यांनी किंवा तशाच न पेटणाऱ्या आवरणाने तो झाकावा.

पूर्व विदर्भात याहून स्वस्त आणि अधिक जवळचा पदार्थ हाताशी आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. भंडारा आणि गोंदिया हे धानाचे जिल्हे आहेत व तेथील भातगिरण्यांमधून तुसाचे ढीग बाहेर पडतात. तुसात सिलिकाचे, म्हणजे वाळूत असणाऱ्या खनिजाचे, प्रमाण मोठे असते. त्यामुळे तो गवतासारखा लवकर कुजत नाही, त्याला भडका घेऊन जळणे जड जाते, आणि त्याच्या होडीसारख्या पोकळ दाण्यांमध्ये हवा अडकून राहत असल्याने उष्णता रोखण्यात तो थर्माकोलच्या फार मागे नसतो. पत्र्याच्या खाली बांबूच्या तट्ट्यांचे किंवा प्लायचे खोटे छत करून त्यावर तुसाने भरलेली बारदाने चार बोटे जाडीने अंथरली, तर काम भागते. भरण्यापूर्वी तूस उन्हात कडक वाळवावा, त्यात थोडा चुना मिसळावा, आणि उंदीर शिरणार नाहीत अशा रीतीने कडा बारीक जाळीने बंद कराव्यात. खेड्यांतील गोठ्यांवर तणस रचण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते, पण तणस पेट लवकर घेते. शहरातल्या दाटीच्या वस्तीत ते टाळलेलेच बरे. बाजारात मिळणारी चंदेरी बबल शीट कमी जागेत बसते, परंतु तिचा चकचकीत पृष्ठभाग किरण परतवण्याचे काम समोर हवेची पोकळी असली तरच करतो. ती पत्र्याला घट्ट चिकटवली किंवा तिच्यावर धुळीचा थर साचू दिला, तर तिच्यावरचा खर्च बहुतांशी वाया जातो. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना भोके पाडणे किंवा ते कापणे धोक्याचे आहे, कारण त्यांतील अॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात. तेथे खोटे छत भिंतींच्या किंवा स्वतंत्र खांबांच्या आधारे उभारावे.

छतानंतर क्रम लागतो तो फटींचा. अडीच मीटर रुंदीच्या शटरखाली एक सेंटिमीटरची फट उरली, तर तिचे क्षेत्रफळ भिंतीत पाडलेल्या सोळा सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद भोकाएवढे होते, आणि तसे भोक कोणीही हिवाळ्यात उघडे ठेवणार नाही. शटरच्या पट्ट्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये सैल बसतात व वर गुंडाळीच्या पेटीपाशी हातभर पोकळी असते, म्हणून वारा तीन दिशांनी आत येतो. वर मोजलेल्या खोलीतील हवा तासातून पाच वेळा बदलत असेल आणि आत-बाहेर आठ अंशांचा फरक राखायचा असेल, तर केवळ ती हवा गरम करण्यात सुमारे ६०० वॉट खर्च होतात. बदल तासाला एकदा एवढा खाली आणला तर १२० वॉट पुरतात. खालच्या कडेला सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून स्क्रूने बसवली, वरच्या पेटीपुढे प्लायची फळी लावली आणि शटरच्या आत तीन-चार इंचांवर बारदानाचा किंवा जुन्या गोधड्यांचा जमिनीपर्यंत टेकणारा पडदा सोडला, की पडदा आणि शटर यांच्यामध्ये हवेचा एक थर कोंडला जातो व थंड लोखंडाकडे होणारे शरीराचे प्रारणही थांबते. या शहरात आणखी एक वाट हमखास विसरली जाते. खिडकीत बसवलेला कूलर उन्हाळा संपल्यावर काढला जात नाही, त्याच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्या आणि त्यांतले वाळलेले गवत तसेच राहते, आणि पंख्याच्या गोल तोंडातून उत्तरेचा वारा रात्रभर खोलीत येत राहतो. दिवाळीच्या सुमारास त्या तोंडावर आतून फळी लावून कडा कापडाने बुजवणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर गुण देणारे काम आहे.

वाटा बंद झाल्यावर दुपारची उष्णता साठवण्याचा विचार अर्थपूर्ण होतो, त्याआधी नाही. एखादा पदार्थ एका अंशाने तापताना जेवढी उष्णता सामावून घेतो तिला त्याची उष्णताधारिता म्हणतात. नऊ इंची विटांच्या भिंतीची दर चौरस मीटरची उष्णताधारिता अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याच्या सुमारे दोनशे पट असते. दुपारी भिंतीत शिरलेली ऊब आतल्या बाजूला कित्येक तासांनी, म्हणजे रात्री गरज असते तेव्हा, पोहोचते. वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमातील माती, बांबू आणि कवेलूंची घरे १९३६ पासूनच्या काळात उभी राहिली, आणि जाड मातीची भिंत व हवा कोंडणारे कवेलूंचे छत यांची जोडी विदर्भाच्या दोन्ही टोकाच्या ऋतूंना कशी पुरते हे तेथे आजही हात लावून पाहता येते. टिनाच्या खोलीला चारही भिंती विटांच्या करणे परवडत नसेल, तर निदान दक्षिणेची भिंत तरी विटांची असावी. २२ डिसेंबरच्या सुमारास नागपुरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो व दक्षिणेच्या भिंतीवर भरपूर ऊन पडते. मेअखेरीस तोच सूर्य डोक्यावर येतो आणि त्या भिंतीला जवळजवळ स्पर्श करीत नाही, त्यामुळे दक्षिणेची खिडकी वा भिंत उन्हाळ्यात पूर्व-पश्चिमेच्या भिंतींइतकी तापत नाही. अशा भिंतीला बाहेरून काळा रंग देऊन तिच्यापुढे चार इंचांवर काच किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा उभा केला, तर तिला ट्रोम्ब भिंत म्हणतात. फ्रान्समधील ओडेइयो येथे फेलिक्स ट्रोम्ब यांनी १९६० च्या दशकात तिचा पुरस्कार केला आणि लडाखमधील अनेक इमारतींत ती आता रुळली आहे. नागपुरात तो पारदर्शक पत्रा मार्चमध्ये काढून ठेवता येईल असाच बसवावा लागेल, नाहीतर उन्हाळ्यात तीच भिंत शिक्षा ठरेल.

पाण्याची पिंपे हा या साठवणीचा आणखी सोपा प्रकार आहे. दोनशे लिटरचे काळ्या रंगाचे पिंप दक्षिणेच्या खिडकीतून किंवा उघड्या शटरमधून येणाऱ्या उन्हात दुपारभर राहिले आणि रात्री त्यातील पाणी पाच अंशांनी निवले, तर ते एक युनिटहून थोडी अधिक उष्णता खोलीला देते. युनिट म्हणजे एक किलोवॉटचा हीटर तासभर चालल्यावर होणारा वापर. एका पिंपाने खोली उबणार नाही, तीन-चार पिंपांचा परिणाम मात्र जाणवण्याइतका असतो. त्यांची झाकणे घट्ट असली पाहिजेत, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो.

इतके करूनही शीतलहरीच्या रात्री बाहेरून उष्णता आणण्याची वेळ येते, आणि तेव्हा खोलीपेक्षा माणूस तापवणे स्वस्त पडते. कुक्कुटपालन करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, परंतु त्यासाठी कोणी सबंध शेड तापवत नाही; शेडला बारदानाचे पडदे लावून, जमिनीवर तूस पसरून, पत्र्याच्या गोल कड्यात पिल्ले ठेवून त्यांच्यावर बल्ब सोडला जातो. माणसाच्या बाबतीत याचा अर्थ असा की कामाच्या टेबलापाशी अंगावर रोख धरणारा लहान अवरक्त हीटर, पायाखाली लाकडी पाट किंवा बारदानाची जाड घडी आणि झोपताना गरम पाण्याची रबरी पिशवी यांवर भागवावे. एक किलोवॉटचा हीटर रात्रीचे आठ तास चालवला तर रोज आठ युनिटे जळतात, आणि वर सांगितलेल्या उघड्या पत्र्याखाली त्यातली बहुतेक आकाशाकडे जातात.

शेगडीविषयी मात्र स्पष्ट शब्दांत लिहिणे भाग आहे. कोळसा स्वस्त आहे, आणि धूर निघून गेल्यावर लालबुंद झालेले निखारे निर्धोक वाटतात म्हणून शेगडी आत घेऊन शटर ओढून झोपण्याची सवय अजून आहे. दर हिवाळ्यात देशाच्या कोणत्या ना कोणत्या भागातून अशा बंद खोलीत संपूर्ण कुटुंब सकाळी मृत आढळल्याची बातमी येते. अपुऱ्या हवेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला यांतले काहीही कळत नाही. खोलीत पाण्याची बादली ठेवली की हा वायू शोषला जातो, ही समजूत निराधार आहे. तो पाण्यात अगदी नाममात्र विरघळतो. फटी बुजवून घट्ट केलेल्या खोलीत हा धोका पूर्वीपेक्षा वाढतो, म्हणून ज्या घरात शेगडीची सवय सुटणार नाही त्या घराने फटी बुजवूच नयेत. बंद शटरमागे गाडीचे इंजिन चालू ठेवण्यातही हाच धोका असतो.

गाडी आणि माणूस एकाच खोलीत असतील तर पेट्रोलच्या वाफेचाही विचार करावा लागतो. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, जमिनीलगत पसरते, आणि नागपूरच्या कितीही थंड रात्री पेट घेण्याइतकी निर्माण होतच असते, कारण पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही पेटू शकते. अमेरिकेतील बांधकाम नियमांत गॅरेजमधील ठिणगी पाडू शकणारी उपकरणे जमिनीपासून १८ इंच उंच ठेवण्याची अट त्यामुळेच आहे, आणि येथे लाल तारेचा हीटर नेमका जमिनीवर, दुचाकीच्या शेजारी मांडला जातो. एक झरोका जमिनीलगत आणि एक छताजवळ, प्रत्येकी वीतभर मापाचा, जाळी लावून कायम उघडा ठेवणे अशा खोलीत बंधनकारक मानले पाहिजे. त्यातून जी थोडी ऊब जाईल ती जाऊ द्यावी.

छताच्या रोधकावर केलेला खर्च हिवाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत वसूल होतो की नाही, हा हिशेब नागपुरात वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. तुसाचा वा थर्माकोलचा तोच थर एप्रिल-मेमध्ये उलट दिशेची उष्णता रोखतो, आणि तेव्हा उन्हात हात न लावता येण्याइतका तापलेला पत्रा आणि खाली बसलेला माणूस यांच्या तापमानांतील अंतर डिसेंबरपेक्षा कितीतरी मोठे असते. कूलर त्याच खोलीत अधिक गारवा देऊ लागतो. पडदा, ट्यूबची पट्टी आणि कूलरच्या तोंडावरची फळी फेब्रुवारीअखेर काढून ठेवायची असते, छत मात्र बारा महिने काम करते. ते बसवण्याचा योग्य काळ ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर हा आहे. तोवर पावसाळा संपलेला असतो, पत्रा कोठे गळतो हे चार महिन्यांत कळून चुकलेले असते व ती भोके आधी बुजवता येतात, आणि पूर्व विदर्भात धानाची कापणी-मळणी सुरू होऊन गिरण्यांवर नवा, कोरडा तूस येऊ लागतो.